सात नंबरच्या अंजनाला युरिया

मी जंगलाला युरिया घातला.

शेताला नाही, बागेला नाही, कुंडीतल्या गुलाबालाही नाही. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला जे सुकं जंगल आहे, त्यातल्या एका अंजनाच्या झाडाला. अर्धी गोणी. वर दहा जार थंडगार फिल्टरचं पाणी. हे सगळं मी दिवसाढवळ्या आणि पूर्ण शुद्धीत केलं. त्याआधी एरंडोलकडच्या एका शाळेत तीस वर्षं मी मुलांना नायट्रोजनचं चक्र शिकवत होतो. फळ्यावर गोल काढायचो, बाण काढायचो, बाणांना रंगीत खडू वापरायचो. जंगलाला नत्र कुठून मिळतं, हा प्रश्न दरवर्षी दोन गुणांना विचारायचो. त्याचं उत्तर ‘पिंप्राळ्याहून गाडीच्या डिकीतून’ असं कुठल्याच पोरानं कधी लिहिलं नव्हतं.

घडलं ते असं. माझ्या थोरल्या भावाची मुलगी संशोधन करते. सुक्या जंगलातली झाडं नत्र कसं वापरतात आणि कुठं साठवून ठेवतात, हा तिचा विषय. भाऊ रावेरकडे केळी करतो. तिनं पहिल्यांदा घरात विषय सांगितला तेव्हा तो म्हणाला, “साठवायला ती झाडं काय कोल्ड स्टोरेज आहेत का?” आणि ताटातल्या भरताकडे वळला. पोरगी हिरमुसली. मी मात्र काका असलो तरी विज्ञानाचा मास्तर. लगेच पुढं सरसावलो आणि म्हणालो, “मला सांग. मला कळतं.”

तिथंच पहिली चूक झाली. दुसऱ्या चुका मग तिच्या मागोमाग येतच गेल्या.

तिनं सांगितलं ते खरं तर फार सुंदर होतं. आपल्याकडे पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने जमीन म्हणजे भाजलेली वीट. असल्या जमिनीत नत्र थोडं, आणि जे आहे तेही पाणी नसेल तर मुळांना उचलता येत नाही. मग झाड काय करतं? पान गाळायच्या आधी त्यातलं नत्र परत आत ओढून घेतं. भाडेकरू खोली सोडताना भिंतीतले खिळेसुद्धा उपटून नेतो ना, तसं. पान पिवळं पडतं ते आजारानं नव्हे, आत सामानाची आवराआवर चाललेली असते म्हणून. ते नत्र सालीत, खोडात, मुळांत जाऊन बसतं. आणि मग ऐन उन्हाळ्यात, पावसाचा पत्ता नसताना, झाड त्याच साठ्यातून नवी पालवी काढतं. पाऊस येतो तेव्हा दुकान उघडून तयार.

“म्हणजे वाळवणं,” मी म्हणालो.

“अगदी, काका. फक्त झाडाची वाळवणं कावळा नेत नाही.”

कावळ्याचं काम पुढं मीच केलं.

तिनं जंगलखात्याची रीतसर परवानगी काढून पंधरा अंजन निवडले होते. प्रत्येकाला पत्र्याचा छोटा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. हिवाळ्याच्या सुरुवातीला हिरवी पानं तपासायची, मग गळणारी पिवळी पानं, मग उघड्या झाडाची साल, मग नवी पालवी. चारही वेळा त्याच झाडांची. त्यातला सात नंबर सगळ्यांत जुना आणि थोर. त्याच्यावर तिची विशेष भिस्त होती. दोन वर्षांचे आकडे हातात होते, हे तिसरं, शेवटचं वर्ष. “आता एकही झाड बिघडून चालायचं नाही,” ती म्हणाली होती. “बिघडलं तर माझं आख्खं वर्ष गेलं.” हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा मान डोलावली होती.

गळलेलं पान जमिनीवर पडलं की त्याला माती लागते, वाळवी लागते. म्हणून प्रत्येक झाडाखाली तिनं बांबूच्या चौकटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून झोळ्या बांधल्या होत्या. त्या बांधायला मी होतो. जंगलाच्या कडेलाच एका नानांचं शेत आहे. कपाशी आणि थोडी तूर. नाना ऐंशीच्या घरातले. पोलीस पाटील असो, आमदार असो, सगळ्यांना ‘तू’ म्हणणारे. ते बांधावर उभे राहून आमची ती खटपट अर्धा तास बघत होते. शेवटी राहवलं नाही.

“मास्तर,” ते म्हणाले, “झाडले मच्छर चावतस का?”

मी त्यांना नायट्रोजनचं चक्र समजावून सांगितलं. हातानं हवेत गोलसुद्धा काढून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग चावतस का नही?”

फेब्रुवारीत पुतणी हिरव्या पानांच्या पुड्या घेऊन महिनाभर पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. झोळ्यांतली पानं दर आठ दिवसांनी काढायची, कागदी पिशवीत भरायची, पिशवीवर तारीख आणि झाडाचा नंबर लिहायचा, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. सातवीतल्या पोरालाही जमलं असतं. पण सातवीतल्या पोराच्या घरी केळीची बाग नसते.

इथं मला आमच्या घराण्याबद्दल जरा सांगायला हवं. केळी हे खादाड पीक. आमचे वडील सकाळी बागेत शिरले की पानाच्या रंगाकडे बघायचे. पान जरा फिकट दिसलं की “युरिया” एवढा एकच शब्द बोलायचे, तो हुकूम असायचा. आम्ही भावंडं त्यात वाढलो. पिवळं दिसलं की आमचा हात आपोआप गोणीकडे जातो. एकदा मला कावीळ झाली होती तेव्हा भाऊ दवाखान्यात माझ्याकडे फार विचारात पडून बघत होता. त्याच्या मनात काय चाललं असेल, ते मला तेव्हाच कळलं होतं.

तर दुसऱ्या फेरीला मी गेलो तेव्हा अंजन पिवळे पडायला लागले होते. अंजनाची पानं लहान, आपट्यासारखी दोन-दोन जोडलेली. ती पिवळी होऊन उन्हात हलत होती. चौदा झाडांचं मी एवढं मनावर घेतलं नाही. पण सात नंबर! पोरीची सगळी भिस्त ज्याच्यावर, ते झाड आपादमस्तक पिवळं. मी खाली उभा राहून वर बघितलं. तिनं सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, खिळे, भाडेकरू, आवराआवर, सगळं. पण ते डोक्यात होतं. हात वडिलांचे होते.

मनाशी म्हटलं, थोडासा द्यायला काय हरकत आहे. एखादं झाड खरंच आजारी असलं तर? पोरगी परत येईल, झाड वाळलेलं बघेल, रडेल. त्यापेक्षा काकानं वेळीच लक्ष घातलेलं बरं. मुहूर्तही असा की भावाकडून आणलेली निम्मी गोणी डिकीतच होती. पिंप्राळ्याच्या घरामागच्या चार पपयांसाठी आणली होती.

घमेल्यानं ती सगळी झाडाभोवती गोल पसरली. आळं केलं, मातीत हात फिरवला, सगळं पद्धतशीर. मग लक्षात आलं की माती कोरडी ठणठणीत. पाणी दिल्याशिवाय युरिया विरघळणार कसा? नानांच्या विहिरीवर मोटर होती, पण नानांकडे पाणी मागितलं असतं तर त्यांनी कशाला म्हणून विचारलं असतं. म्हणजे बघा, आपण चूक करतोय हे मला कुठंतरी माहीत होतं. फक्त ती नीट, व्यवस्थित करायची होती.

शिरपुरात गेलो आणि पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दहा जार सांगितले. पोचवायला लोडिंग रिक्षा आली. रिक्षावाल्यानं विचारलं, “लग्न कोठे शे, भाऊ?”

“लग्न नाही.”

“मंग वाढदिवस?”

“जरा वर चला, दाखवतो.”

तो बिचारा दगडधोंड्यांतून, पळसाच्या फुलांमधून रिक्षा घालत वर आला. सगळे जार मी एकेक करून झाडाच्या बुडाशी उपडे केले. तो रिक्षाला टेकून बघत राहिला. चौथ्या जारनंतर म्हणाला, “भाऊ, पाणी चिल्ड शे.”

“असू द्या,” मी म्हणालो. “ऊन फार आहे.”

तो परत गेला तेव्हा शिरपूरपर्यंत एकटाच हसत गेला असणार.

पुढच्या दोन फेऱ्यांत सात नंबरनं काय केलं? काहीही नाही. बाकीच्या चौदांच्या बरोबरीनं, अगदी रांगेत उभं राहिल्यासारखं त्यानं सगळी पानं गाळली आणि उघडं झालं. माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण त्याच्याभोवती मात्र चमत्कार झाला. सगळं रान तपकिरी, करडं, कागदासारखं वाळलेलं. आणि मधोमध सात नंबरखाली पोपटी गवताचं गोल ताट. घोट्याएवढं. त्या सगळ्या उजाड रानात ते असं दिसत होतं की कोणीतरी गालिचा अंथरून विसरून गेलंय.

मी गवत उपटायला वाकलो. दोन मुठी उपटल्यावर दम लागला. म्हटलं, उन्हानं वाळेल.

मार्चच्या मध्याला पुतणी परत आली. आता उघड्या झाडांची साल घ्यायची होती, नवी पालवी फुटायच्या आत. मी आदल्या आठवड्याला कंबरेचं दुखणं सांगून जंगलात जायचं टाळलं होतं. त्यामुळे सात नंबरपाशी पोचल्यावर जे दिसलं ते मलाही नवीन होतं. गवत वाळलं नव्हतं. आणि झाडाच्या बुडाशी एक दगड उभा होता, त्याला शेंदूर फासलेला. वर फांदीला भगवं फडकं. दगडापुढं नारळाच्या करवंट्या, अर्ध्या जळालेल्या उदबत्त्या. आणि पूजेला बसणाऱ्यासाठी खाली अंथरलेलं एक आसन, ते माझ्या युरियाच्या गोणीचं होतं. छापील बाजू खाली केलेली.

पुतणी छिन्नी हातात घेऊन उभीच राहिली.

“काका, हे कधी झालं?”

“श्रद्धा,” मी म्हणालो. “लोकांची श्रद्धा असते.”

तेवढ्यात नाना बांध ओलांडून आले. तिच्या हातातल्या छिन्नीकडे बघून म्हणाले, “देवले छिन्नी लावशी का, पोरी?”

पोरगी शहाणी. तिनं छिन्नी पिशवीत टाकली. म्हणाली, नको नाना, तुमच्या सांगण्याशिवाय हात लावणार नाही. मग गुडघ्यावर बसून ते गवत बघू लागली. हातानं चाचपलं. माती चिमटीत घेतली, पिशवीत भरली. मग दुसऱ्या झाडाखालची घेतली. मग उठली, आणि तिचे डोळे बघून मी एक पाऊल मागं सरलो. कारण ती चिडली नव्हती. ती आनंदली होती.

“काका, तुम्हाला कळतंय का हे काय आहे?”

मला कळत होतं.

“गवत एवढं हिरवं म्हणजे मातीत नत्र आहे. फक्त ह्याच झाडाखाली! आपण समजत होतो, पान गाळताना झाड सगळं आत ओढून घेतं. हे झाड उलट मुळांतून बाहेर सोडतंय. मार्चमध्ये! हे कोणी पाहिलेलंच नसेल. मी आत्ताच गाइडना कळवते.”

त्या डोंगराखाली मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी येते, नानांच्या गोठ्यापुढं उभ्या असलेल्या बैलगाडीवर. त्यातही जुवाच्या बाजूला उभं राहिलं तर एक काडी, मागच्या बाजूला उभं राहिलं तर शून्य. पोरगी तिकडं निघाली, मी तिच्यामागे, माझ्यामागे नाना. चालता चालता ती बोटानं मेल लिहीत होती आणि मोठ्यानं वाचत होती. मेलमध्ये ‘दानशूर झाड’ असा एक शब्द होता.

नानांनी मला खाटेवर बसवलं. आतून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. पोरगी बैलगाडीवर चढली, फोन आकाशाकडे धरून जुवाच्या टोकापर्यंत गेली. नानांनी एक घास मोडला आणि माझ्याकडे न बघता तिला हाक मारून म्हणाले, “पोरी, देव आठे कसा उना, ते तुन्हा काकाले इचार.”

ती हसली. “काकांना काय माहीत, नाना!”

नाना चावत राहिले. म्हाताऱ्याला दात चार, पण त्या दिवशी तो एक घास किती वेळ चावत होता. आणि वरून पोरगी ओरडली, “आली! एक काडी आली!”

माझ्या समोर दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे माझी तीस वर्षांची मास्तरकी, जिच्यामुळे घरात पाण्याचा पंप बिघडला तरी लोक माझं मत विचारतात. आणि दुसरी ती पोरगी, बैलगाडीवर टाचा उंचावून उभी, माझ्या पपयांचा युरिया स्वतःच्या नावावर जगाला कळवायला निघालेली. तो मेल गेला असता तर उद्या कोणीतरी शहाणा माणूस मातीची पिशवी तपासून तिला विचारणार होता की बाई, ह्यात युरियाच्या दाण्याला चोळतात ते कडुनिंबाचं तेल कुठून आलं?

“पाठवू नकोस,” मी म्हणालो. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. मग उभा राहिलो आणि ओरडलो, “पाठवू नको! तो युरिया आहे! मी घातला!”

गोठ्यातल्या बैलानंसुद्धा मान वळवली.

ती खाली उतरली. मला वाटलं रडेल, नाहीतर भावाला फोन लावेल. तिनं पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि माझ्यासमोर बसली.

“किती?”

“अर्धी गोणी.”

“कधी?”

तारीख सांगितली.

“पाणी दिलं?”

“दोनशे लिटर.”

“विहिरीचं?”

“नाही. जारचं.”

तिचं पेन थांबलं. “जारचं म्हणजे?”

“फिल्टरचं.” आणि लपवायचं आता काय राहिलं होतं, म्हणून म्हणालो, “थंड.”

तिनं तेही लिहिलं. ‘थंड’ हा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली. मग वही मिटली आणि फार हळू आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही मला दोनदा मान डोलावून दाखवली होती.”

 

नानांनी आता घास गिळला. “बठ्ठं मी देखेल शे,” ते म्हणाले. “तू बोलस का नही, तेच देखी ऱ्हायनू व्हतू.” शेंदूर त्यांनीच लावला होता. वास आला कडुनिंबाचा, गोणी सापडली झुडपात, मग काय ते कळायला नायट्रोजनचं चक्र लागत नाही. युरियावरचं ते कोवळं गवत बकऱ्यांनी खाल्लं असतं तर पोट फुगून मेल्या असत्या. आणि कितीही ओरडून सांगितलं तरी लोक बकऱ्या आवरत नाहीत. देव झाला की आवरतात. नारळ येणारे-जाणारे फोडून जात होते आणि खोबरं नाना खात होते.

साल काढायला मग नानांनीच हात लावला. देवाला नमस्कार करून, पोरीला दाखवून, मागच्या बाजूनं. अंजनाचं लाकूड असं की छिन्नी उसळून परत येते. नाना प्रत्येक घावाला माझ्याकडे एकदा बघायचे.

पुतणीनं गाइडना सगळं खरं खरं कळवलं. फोनवर तिकडून आधी हसण्याचाच आवाज आला, असं ती म्हणाली. सात नंबर काढून टाकायचा नाही, त्याच्यापुढं ‘खत दिलेलं’ असं लिहून वेगळा ठेवायचा, असं ठरलं. वर्ष वाचलं. आणि तपासणीचे आकडे आले तेव्हा सगळ्यांत मोठा अपमान माझी वाट बघत होता. सात नंबरची पिवळी पानं, साल, सगळं बाकीच्या चौदांसारखंच निघालं. झाडानं माझ्या युरियाला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. पानं गाळायला निघालेलं झाड जेवत नाही, पोरगी म्हणाली. त्यानं आपली वाळवणं डब्यात भरली होती, झाकण लावलं होतं आणि ते उन्हाळा जायची वाट बघत उभं होतं. माझं दान थोडं गवतानं खाल्लं, थोडं जंतूंनी आणि उरलेलं हवेत उडून गेलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी आम्ही शेवटच्या नमुन्यांसाठी गेलो. पारा इतका चढलेला की बिल्ल्यांना हात लावला तर चटका बसत होता. गवताचं ताट कधीच वाळून गेलं होतं. आणि सात नंबर तांबूस, मऊ, ओलसर दिसणाऱ्या पालवीनं भरला होता. पाण्याचा एक थेंब नाही, कोणाची मेहरबानी नाही, स्वतःच्या खोडातून काढून. पोरीनं पानं मोजून पुडीत घातली. तिचा चेहरा त्या पालवीसारखाच झाला होता. मी सावलीत हात मागं बांधून उभा होतो. हात मागं बांधून उभं राहायचं, ही तिची अट होती.

नाना आखाजीचं जेवायला या म्हणून सांगायला आले होते. मला वाटलं, आपणही काहीतरी शहाणपणाचं करून जावं. म्हणालो, “नाना, आता गवत वाळलं. बकऱ्यांची भीती राहिली नाही. हिचं कामही संपलं. तो शेंदूर आता पुसून टाकू या का? उगाच जंगलात एक खोटा देव कशाला?”

नानांनी दगडाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, मग माझ्या गाडीच्या डिकीकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ दे, मास्तर,” ते म्हणाले. “बकऱ्या समजी ग्यात. तू आजून येस ना आठे.”